कोणत्याही पडद्यावर टिकणारी वेबपानाची मांडणी

अप्पा बळवंत चौकातील एका पुस्तकविक्रेत्याचे संकेतस्थळ आपण तयार करत आहोत, असे धरू. त्यावर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत शेकडो शीर्षके आहेत, इयत्ता आणि माध्यमानुसार किमतींचा तक्ता आहे आणि घरपोच मागणी नोंदवण्याची सोय आहे. हेच पान हिंजवडीतील एखादा अभियंता मोठ्या मॉनिटरवर उघडतो, स्वारगेटहून बसने निघालेली विद्यार्थिनी साध्या फोनवर उघडते, भोरजवळच्या शाळेतील शिक्षक १३६६ × ७६८ पिक्सेलच्या जुन्या संगणकावर उघडतात आणि सदाशिव पेठेतील आजोबा नातवाच्या पुस्तकांसाठी अक्षरे शक्य तितकी मोठी करून उघडतात. या चौघांनाही पुस्तक शोधता आले पाहिजे, किंमत वाचता आली पाहिजे आणि मागणीचे बटण दाबता आले पाहिजे.

पान सगळीकडे हुबेहूब एकाच चित्रासारखे दिसावे, हा आग्रह मात्र सुरुवातीलाच सोडून द्यावा. छापील जाहिरातीचे माप छापणारा ठरवतो. वेबपानाचे माप वाचणारा ठरवतो, आणि तो ते वाचताना मध्येच बदलूही शकतो. म्हणून मजकूर तोच राहावा, त्याचा क्रम तोच राहावा, काहीही कापले जाऊ नये, एकावर एक चढू नये आणि वाचण्यासाठी पान डावीउजवीकडे सरकवावे लागू नये, एवढ्याच अर्थाने आपल्याला सातत्य हवे आहे. ते मिळवण्याचा मार्ग प्रत्येक पडद्यासाठी वेगळी मापे लिहिण्याचा नाही. आपण लिहिलेली पक्की मापे जितकी कमी होतील, तितकी मांडणी जास्त टिकते, हे सूत्र पुढील प्रत्येक सूचनेच्या मुळाशी आहे. (एचटीएमएल ही पानाची रचना लिहिण्याची आणि सीएसएस ही त्याचे रूप ठरवण्याची भाषा. त्यांतील शब्द येथे देवनागरीत दिले आहेत, प्रत्यक्ष टाइप करताना ते अर्थातच रोमन लिपीत लिहावेत.)

पडद्याची खरी रुंदी कोणती?

सर्वाधिक गोंधळ पिक्सेलच्या मापाने होतो. सीएसएसमधील एक पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक प्रत्यक्ष ठिपका नव्हे. ते एक ठरावीक माप आहे आणि एका इंचात अशी ९६ मापे धरली जातात. एखाद्या फोनच्या खोक्यावर १०८० ठिपक्यांची रुंदी छापलेली असते, परंतु त्या फोनचे गुणोत्तर (सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत किती ठिपके बसतात तो आकडा) ३ असेल तर ब्राउझरच्या दृष्टीने त्याची रुंदी ३६० पिक्सेलच भरते. मांडणीसाठी हीच दुसरी संख्या महत्त्वाची असते.

संगणकावरही तेच घडते, पण तेथे ते सहसा लक्षात येत नाही. १९२० × १०८० च्या लॅपटॉपवर विंडोजमधील स्केलिंग १२५ टक्के असेल, तर ब्राउझरला १५३६ × ८६४ एवढीच जागा दिसते; १५० टक्के असेल तर १२८० × ७२०. त्यावर वाचकाने ब्राउझरचे झूम २०० टक्के केले, तर १२८० चे ६४० होतात, आणि ४०० टक्के केले तर ३२०. म्हणजे मोठ्या मॉनिटरसमोर बसलेल्या परंतु दृष्टी अधू असलेल्या वाचकाला नेमकी फोनची मांडणी मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. ‘मोबाइलची आवृत्ती’ आणि ‘संगणकाची आवृत्ती’ अशा दोन खोल्या करण्याची सवय येथेच मोडते. उपकरण कोणते आहे हे विचारण्याची गरज नाही. जागा किती उरली आहे एवढेच विचारावे. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१८ साली आलेल्या २.१ या आवृत्तीतही ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडव्या स्क्रोलशिवाय वाचता यावा, असा निकष आहे, आणि ३२० हा आकडा १२८० पिक्सेलच्या खिडकीवर ४०० टक्के झूम केल्यावर उरणाऱ्या रुंदीचाच आहे.

पानाच्या माथ्यावरील आवश्यक ओळी

मांडणीला हात लावण्याआधी तीन गोष्टी जागेवर आहेत ना, ते पाहावे. पहिली ओळ डॉकटाइप एचटीएमएल ही असावी. ती नसेल तर ब्राउझर जुन्या संकेतस्थळांसाठी राखलेल्या ‘क्वर्क्स’ पद्धतीने पान आखतो, आणि त्या पद्धतीत उंची-रुंदीचे काही हिशेब निराळे होतात. दुसरी, मूळ एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’ अशी नोंदवावी. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ स्वतंत्रपणे ठेवलेले असतात, तो या नोंदीमुळे ती अक्षरे वापरतो, आणि पडदावाचक प्रणालीलाही मजकूर मराठीत वाचायचा आहे हे कळते.

तिसरी ओळ व्ह्यूपोर्टच्या, म्हणजे पान ज्यात दिसते त्या खिडकीच्या, मेटा टॅगची. तिच्यात विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केल १, एवढेच लिहावे. ॲपलने २००७ साली आयफोन आणला तेव्हा बहुतेक पाने संगणकासाठीच केलेली होती, म्हणून त्या फोनचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंदीवर आखून मग ते लहान करून दाखवत असे. हा टॅग विसरला तर आजचे फोनही तसेच करतात आणि आपली सगळी मीडिया क्वेरी (खिडकीच्या मापानुसार नियम बदलण्याची सीएसएसमधील सोय) निरुपयोगी ठरते, कारण फोन आपली रुंदी ९८० सांगत असतो. या टॅगमध्ये युझर-स्केलेबल ‘नो’ किंवा मॅक्सिमम-स्केल १ असे काही जण अजूनही लिहितात. ते काढून टाकावे. दोन बोटांनी मजकूर मोठा करण्याचा वाचकाचा हक्क हिरावून घेण्यास कोणतेही कारण पुरेसे नाही.

अक्षरांचा आकार वाचकाच्या हाती ठेवावा

मांडणी मोडण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण पडद्याची रुंदी नसून अक्षरांचा आकार हे आहे. ब्राउझरमध्ये मूळ आकार सहसा १६ पिक्सेल असतो, पण वाचक तो सेटिंगमधून बदलू शकतो. क्रोममध्ये ‘खूप मोठा’ हा पर्याय निवडला की तोच आकार २४ पिक्सेल होतो. झूम केल्यावर सगळे पान वाढते. या सेटिंगने मात्र फक्त तीच मापे वाढतात जी वाचकाच्या मूळ आकाराशी जोडलेली आहेत. आपण अक्षरांचा आकार पिक्सेलमध्ये लिहिला असेल, तर त्या आजोबांनी सेटिंग बदलूनही आपल्या पानावर काहीच फरक पडत नाही.

म्हणून अक्षरांचा आकार नेहमी रेममध्ये लिहावा. एक रेम म्हणजे पानाच्या मुळाशी असलेला अक्षर-आकार. तो १६ असेल तर १.२५ रेम म्हणजे २० पिक्सेल आणि २४ असेल तर ३० पिक्सेल. मात्र मूळ एचटीएमएल घटकावरच १६ पिक्सेल किंवा १० पिक्सेल असे पक्के माप लिहिले, तर पुढचे सगळे रेम त्या मापाला बांधले जातात आणि रेम वापरण्याचा हेतूच उरत नाही. गणित सोपे करण्यासाठी काही जण तेथे ६२.५ टक्के लिहितात. टक्केवारी वाचकाच्या सेटिंगवरून काढली जात असल्यामुळे त्यात धोका नाही, पण माझ्या मते तेथे काहीच न लिहिणे अधिक चांगले, कारण बाहेरून आणलेले घटक १६ चे गणित धरून लिहिलेले असतात आणि त्या टक्केवारीमुळे ते नाहक लहान होतात.

केवळ अक्षरे रेममध्ये असून भागत नाही. अक्षरे ज्यात बसतात त्या चौकटीही त्यांच्यासोबत वाढल्या पाहिजेत. बटणाला ४० पिक्सेल उंची दिली आणि त्यावरील ‘मागणी नोंदवा’ ही अक्षरे दीडपट झाली, की दुसरी ओळ बटणाबाहेर लोंबते. तेथे हाइट न लिहिता मिन-हाइट २.७५ रेम लिहावी आणि वरखाली पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी जागा) द्यावे, म्हणजे बटण किमान बोटाएवढे राहील आणि गरज पडल्यास वाढेल. हा नियम सगळ्या चौकटींना लागू आहे: मजकूर असलेल्या कोणत्याही चौकटीला पक्की उंची देऊ नये. याउलट कडेची एक पिक्सेलची रेघ, सावली किंवा लहानसे गोलाईचे माप पिक्सेलमध्ये राहिले तरी बिघडत नाही. सगळेच रेममध्ये लिहिण्याचा हट्ट केल्यास अक्षरे मोठी करणाऱ्या वाचकाच्या पडद्यावर मोकळी जागाच फुगत जाते आणि मजकुराला चिंचोळी पट्टी उरते. पानाच्या डाव्याउजव्या कडेची मोकळी जागा मी त्यासाठीच पिक्सेलमध्ये किंवा रुंदीच्या टक्केवारीत ठेवतो.

मीडिया क्वेरीतील मर्यादाही ईएममध्ये, म्हणजे अक्षर-आकाराच्या पटीत, लिहावी. ‘किमान ४८ ईएम’ ही मर्यादा सामान्य वाचकासाठी ७६८ पिक्सेलला लागू होते. मूळ आकार २४ ठेवलेल्या वाचकासाठी तीच मर्यादा ११५२ पिक्सेलवर जाते. त्यामुळे ज्याची अक्षरे मोठी आहेत त्याला १०२४ पिक्सेलच्या पडद्यावरही एका स्तंभाची मांडणी मिळते, आणि त्याला तीच सोयीची असते. येथे एक बारकावा आहे: मीडिया क्वेरीतील ईएम आणि रेम दोन्ही वाचकाच्या सेटिंगवरूनच मोजले जातात, आपण एचटीएमएल घटकावर लिहिलेला आकार त्यांना लागू होत नाही.

मोठ्या शीर्षकांसाठी रुंदीनुसार बदलणारा आकार हवा असेल तर क्लॅम्प वापरावे. किमान १.५ रेम, मधले माप १.१ रेम अधिक २ व्हीडब्ल्यू (१ व्हीडब्ल्यू म्हणजे खिडकीच्या रुंदीचा एक टक्का) आणि कमाल २.५ रेम असे लिहिले, तर ३६० पिक्सेलच्या फोनवर शीर्षक सुमारे २५ पिक्सेलचे होते आणि मोठ्या पडद्यावर ४० च्या पुढे जात नाही. मधल्या मापात केवळ व्हीडब्ल्यू लिहू नये. झूम वाढवले की ब्राउझरच्या लेखी खिडकीची रुंदी तितकीच कमी होते, त्यामुळे फक्त रुंदीवर अवलंबून असलेली अक्षरे झूम करूनही आहेत तेवढीच राहतात.

स्तंभांनी आपली जागा स्वतः शोधावी

रुंदीचे हिशेब सुरू करण्यापूर्वी सर्व घटकांना बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स लावावे, म्हणजे पॅडिंग आणि कडा धरून रुंदी मोजली जाते आणि शंभर टक्के रुंदीची चौकट पडद्याबाहेर जात नाही.

पुस्तकांच्या कार्डांसाठी सीएसएस ग्रिडसारखे, म्हणजे आडव्याउभ्या जाळीसारखे, साधन दुसरे नाही. प्रमुख ब्राउझरमध्ये ते २०१७ पासून आहे, त्यामुळे जुन्या फोनचीही फारशी चिंता राहत नाही. स्तंभांच्या जागी रिपीट, त्यात ऑटो-फिल आणि मिनमॅक्स लिहावे. मिनमॅक्सचे पहिले माप मिन (१६ रेम, १००%) आणि दुसरे १ एफआर. याचा अर्थ असा की कार्ड १६ रेमपेक्षा अरुंद होऊ नये, एकूण जागाच त्याहून कमी असेल तर ते जागेएवढे व्हावे, आणि उरलेली जागा सर्वांनी सारखी वाटून घ्यावी. ११५२ पिक्सेल जागेत दीड रेमचे अंतर ठेवून चार कार्डे एका ओळीत बसतात. त्याच पडद्यावर वाचकाने मूळ आकार २४ केला की १६ रेमचे ३८४ पिक्सेल होतात आणि ओळीत दोनच कार्डे उरतात. ३६० च्या फोनवर एकच. एकही मीडिया क्वेरी न लिहिता तीनही स्थिती आपोआप साधतात. ऑटो-फिट आणि ऑटो-फिल यांत येथे ऑटो-फिल निवडावे, कारण शोधात एकच पुस्तक सापडले तर ऑटो-फिट ते एकटे कार्ड पडदाभर ताणते.

मेनू, गाळण्या, बटणांच्या रांगा अशा एकाच दिशेच्या गोष्टींसाठी फ्लेक्सबॉक्स पुरतो, परंतु फ्लेक्स-रॅप लिहायला विसरू नये. नाहीतर घटक दुसऱ्या ओळीत न जाता एकमेकांना दाबतात. फ्लेक्स आणि ग्रिड दोन्हींत एक छुपी अडचण येते. आतील घटकाची किमान रुंदी ‘ऑटो’ असते, म्हणून त्यात एखादा न तुटणारा लांब शब्द, मोठा दुवा किंवा तक्ता आला की तो घटक आकुंचन पावत नाही आणि सगळे पान बाहेर ढकलले जाते. अशा घटकाला मिन-विड्थ शून्य द्यावी आणि ग्रिडमध्ये १ एफआरच्या जागी मिनमॅक्स (०, १ एफआर) लिहावे. आडवा स्क्रोल कोठून आला हे सापडत नसेल, तर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण येथेच असते.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे १०० व्हीडब्ल्यू हे माप. विंडोजवर उभा स्क्रोलबार जागा व्यापत असेल तेव्हा १०० व्हीडब्ल्यूमध्ये त्याचीही रुंदी धरली जाते, त्यामुळे पान तेवढे बाहेर जाते. मॅकवर किंवा फोनवर स्क्रोलबार सहसा मजकुरावर तरंगत असल्याने बनवणाऱ्याला ते दिसतही नाही. पूर्ण रुंदीसाठी १०० टक्के लिहावे. पानाच्या मूळ घटकावर ओव्हरफ्लो-एक्स: हिडन लिहून हा दोष झाकण्याची पद्धत आहे, ती टाळावी, कारण तिच्यामुळे कापला गेलेला मजकूर वाचकाला कोणत्याही मार्गाने मिळत नाही.

पुस्तकाचे तेच कार्ड मुख्य यादीत रुंद आणि कडेच्या ‘नवीन आवक’ पट्टीत अरुंद दिसायचे असेल, तर खिडकीची रुंदी विचारून उपयोग नाही; कार्डाला मिळालेली जागा विचारावी लागते. कंटेनर क्वेरी हेच काम करते. फायरफॉक्सच्या २०२३ च्या फेब्रुवारीतील आवृत्तीनंतर ती सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये चालते. तिच्याशिवायही कार्ड वाचता येईल अशी साधी एक-स्तंभी मांडणी आधी लिहावी आणि रुंद जागेतील बदल क्वेरीत लिहावेत, म्हणजे जुन्या फोनवरही अडत नाही.

देवनागरीची वेगळी काळजी

मांडणीचे बहुतेक नमुने रोमन लिपीसाठी बेतलेले असतात, आणि ते जसेच्या तसे उचलले की मराठी पानावर बिघाड होतो. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली बरेच काही घडते. ‘गुरुत्वाकर्षण’ या एका शब्दात खाली उकार आहेत आणि वर रफार आहे. ‘राष्ट्रीय’ मध्ये जोडाक्षर खाली उतरते आणि वेलांटी वर जाते. रोमनसाठी चालणारी १.२ ची ओळ-उंची येथे दिली तर एका ओळीचा उकार पुढच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. मजकुरासाठी लाइन-हाइट १.७ च्या आसपास आणि मोठ्या शीर्षकांसाठी किमान १.४ ठेवावी. हे आकडे एककाशिवायच लिहावेत. लाइन-हाइट २४ पिक्सेल असे लिहिले तर अक्षरे मोठी केल्यावर ओळी एकमेकींवर चढतात. नुसता आकडा लिहिला तर अंतर अक्षरांच्या पटीत वाढते.

कार्डाच्या शीर्षकावर ओव्हरफ्लो: हिडन लावलेले असेल, तर शेवटच्या ओळीचे उकार खालून कापले जातात. त्या घटकाला खाली थोडे पॅडिंग द्यावे, किंवा त्याहून बरे म्हणजे शीर्षक कापूच नये. पुस्तकाचे नाव तीन ओळींत गेले तर कार्ड उंच होऊ द्यावे. ‘इयत्ता दहावी विज्ञान आणि तंत्रज्ञान’ हे नाव ‘विज्ञान आणि…’ येथे कापले, तर भाग १ घ्यायचा की भाग २ हे पालकांना कसे कळणार?

लेटर-स्पेसिंग मराठीत शून्यच ठेवावे. अक्षरांत अंतर पाडले की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांत विखुरतो. इंग्रजी शीर्षकांसाठी ते लावलेच असेल, तर भाषेची नोंद पाहून मराठी मजकुरापुरते काढून टाकावे. ओळीची कमाल लांबी ठरवताना ‘६५ सीएच’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो रोमन मजकुरासाठी ठीक आहे, पण सीएच हे माप फॉन्टमधील शून्याच्या रुंदीवरून घेतले जाते आणि त्यावरून देवनागरी ओळीत किती अक्षरे बसतील याचा अंदाज येत नाही. मी मजकुराच्या स्तंभाची कमाल रुंदी ३८ रेमच्या जवळपास ठेवून, ओळ प्रत्यक्ष वाचून ती कमीजास्त करतो.

मराठीत सामासिक शब्द लांब होतात आणि त्यांना पुन्हा प्रत्यय जोडले जातात. ‘महाविद्यालयप्रवेशासंबंधीच्या’ असा शब्द मोठ्या शीर्षकात आला की ३२० पिक्सेलमध्ये तो एका ओळीत बसत नाही. शीर्षकांवर आणि कार्डांवर ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर लिहावे, जागा पुरत असेल तोवर ते काहीही करत नाही आणि अगदीच पुरेनाशी झाली तरच शब्द तोडते.

फॉन्टचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. आपण काहीच नेमले नाही तर विंडोजवर देवनागरी मजकूर बहुधा निर्मला यूआयमध्ये, अँड्रॉइडवर नोटो सॅन्समध्ये आणि ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरीत दिसतो. तिन्हींत अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे एका संगणकावर दोन ओळींत बसलेले शीर्षक दुसऱ्यावर तीन ओळी घेते. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ यासारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट आपल्याच सर्व्हरवरून वॉफ-२ स्वरूपात द्यावा, साधा आणि ठळक अशी दोन्ही वजने द्यावीत (ठळक वजन नसेल तर ब्राउझर अक्षरे कृत्रिमरीत्या जाड करतो आणि जोडाक्षरे बुजतात), आणि फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप लिहावे म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत मजकूर अदृश्य राहत नाही. फॉन्ट बदलताच ओळी उड्या मारतात, त्या कमी करण्यासाठी पर्यायी फॉन्टला साइझ-ॲडजस्ट लावून त्याची रुंदी मूळ फॉन्टच्या जवळ आणता येते. तरीही नेटवर्क कमकुवत असताना वाचकाला पर्यायी फॉन्टच दिसेल हे गृहीत धरून मांडणी त्या फॉन्टमध्येही टिकते का, ते पाहावे.

पुण्यातील प्रकाशनव्यवसायाशी संबंधित काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम याच शहरात झाले: सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची स्थापना येथे १९८८ साली झाली आणि श्रीलिपी हे फॉन्टचे सॉफ्टवेअरही पुण्याचेच. त्या काळातील अनेक फॉन्ट युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांचे संकेतांक सर्वत्र एकसारखे होण्याआधीच्या, पद्धतीचे आहेत, आणि डीटीपी करणाऱ्यांकडे पुस्तकांच्या याद्या आजही त्यांतच असतात. अशी यादी थेट पानावर चिकटवली तर तो फॉन्ट नसलेल्या प्रत्येक उपकरणावर निरर्थक चिन्हे दिसतात. रूपांतरकाने मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर माणसाने वाचून तपासावा. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांतील ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ रूपांतरात हमखास बिघडतात.

तक्ते, चित्रे आणि पडद्याची उंची

किमतींच्या तक्त्यात शीर्षक, लेखक, इयत्ता, माध्यम आणि किंमत असे पाच रकाने असतील, तर ते ३२० पिक्सेलमध्ये बसणार नाहीत आणि बसवण्याचा अट्टाहासही करू नये. तक्त्याभोवती एक चौकट घालून तिला ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो आणि टॅबइंडेक्स शून्य द्यावे, म्हणजे फक्त तक्ता सरकतो, पान स्थिर राहते आणि कीबोर्ड वापरणाऱ्यालाही तो सरकवता येतो. शीर्षक आणि किंमत हे रकाने शेजारी ठेवावेत, कारण वाचकाला बहुधा तेवढेच हवे असते.

चित्रांना मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाइट ऑटो लिहावी, आणि टॅगमध्ये मूळ रुंदी-उंचीचे आकडे द्यावेत, म्हणजे ब्राउझर चित्र येण्याआधीच तेवढी जागा राखतो आणि मजकूर खाली ढकलला जात नाही. मुखपृष्ठांवरील अक्षरे ठळक दिसावीत म्हणून एसआरसीसेटमधून दोन-तीन आकार द्यावेत. शाळेच्या सवलतीची सूचना चित्रात लिहून टाकू नये. ती मजकुरातच लिहावी, कारण चित्रातील अक्षरे वाचकाच्या सेटिंगला जुमानत नाहीत.

उंचीकडे फार कमी जण पाहतात. पहिल्या भागाला १०० व्हीएच (पत्त्याची पट्टी लपली असतानाची पूर्ण उंची) दिले की फोनवर पत्त्याची पट्टी दिसत असताना त्याचा तळ पडद्याखाली जातो आणि तेथे असलेले बटण दिसत नाही. तेथे मिन-हाइट १०० एसव्हीएच (पट्टी दिसत असतानाची उंची) लिहावे. वर चिकटून राहणारी शीर्षपट्टी ४०० टक्के झूमवर फारच त्रासदायक होते: १२८० × ७२० ची खिडकी तेव्हा ३२० × १८० एवढीच उरते आणि ५ रेमची पट्टी त्यातील ८० पिक्सेल खाते. पट्टीचे स्टिकी स्वरूप ‘किमान उंची ३० ईएम’ या मीडिया क्वेरीत ठेवावे, म्हणजे उंची कमी असताना ती पानासोबत वर सरकून जाते.

गडद रूप देणार असाल तर पार्श्वभूमी आणि अक्षरे या दोन्हींचे रंग नेहमी जोडीने लिहावेत. विंडोजमधील उच्च-विरोधाच्या रंगसंगतीत आपले पार्श्वरंग बदलतात, म्हणून ‘शिल्लक नाही’ ही खूण केवळ रंगाने न दाखवता शब्दांनीही दाखवावी.

तपासणी कशी करावी

क्रोम आणि फायरफॉक्समध्ये विकसक साधने उघडून कंट्रोल-शिफ्ट-एम दाबले की रुंदी बदलून पाहता येते. ठरावीक फोनची नावे निवडत बसण्यापेक्षा कड पकडून खिडकी ३२० पासून १९२० पर्यंत सावकाश ताणावी आणि मांडणी कोठे अवघडते ते पाहावे. मीडिया क्वेरीची मर्यादा तेथेच लिहावी. आडवा स्क्रोल दिसला तर सर्व घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन लावावी, बाहेर गेलेली चौकट लगेच सापडते.

त्यानंतर झूम २०० आणि ४०० टक्के करून मागणी नोंदवण्याचा पूर्ण प्रवास करावा. नुसते मुखपान पाहून थांबू नये, कारण अर्जाची पाने नेहमी आधी मोडतात. मग झूम पूर्ववत करून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मूळ अक्षर-आकार सर्वांत मोठा करावा आणि तोच प्रवास पुन्हा करावा. या दोन तपासण्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. झूममध्ये पिक्सेलमधील मापेही वाढत असल्याने दोष लपतात. दुसऱ्या तपासणीत ते उघडे पडतात.

संगणकावरील फोनची नक्कल रुंदी दाखवते, पण फोनवरील फॉन्ट, पत्त्याची पट्टी आणि कीबोर्डने व्यापलेली जागा खऱ्या अर्थाने दाखवत नाही. म्हणून एक साधा अँड्रॉइड फोन आणि शक्य असल्यास एक आयफोन हाताशी ठेवावा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्लेचा आकार’ वाढवला की त्याच फोनची सीएसएस रुंदी कमी होते, तोही पर्याय लावून पाहावा. आयफोनवर अर्जातील रकान्याची अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील, तर त्यात बोट ठेवताच पान आपोआप मोठे होऊन एका बाजूला सरकते. इनपुट घटकांना किमान १ रेमचा आकार दिला की सहसा तो त्रास थांबतो.

तपासणीसाठी ‘शीर्षक येथे लिहा’ असा भरतीचा मजकूर वापरू नये. दुकानाच्या यादीतील सर्वांत लांब शीर्षक, सर्वांत लांब लेखकनाव, चार आकडी किंमत, मुखपृष्ठ नसलेले पुस्तक आणि एकही निकाल न मिळालेला शोध, एवढे नमुने एका चाचणीपानावर कायम ठेवावेत. जूनच्या आधी शालेय पुस्तकांची नवी यादी चढते, तेव्हा त्यातील सर्वांत लांब नाव या पानावर घालून ते ३२० पिक्सेल रुंदीवर आणि मूळ अक्षर-आकार २४ ठेवून पाहावे, आणि मगच यादी प्रसिद्ध करावी.